बिनतपासणीचे आठ उंट

जयपूरच्या मुरलीपुऱ्यातल्या एका कारखान्यात उत्तमराव घोरपड्यांना कुणी नावानं हाक मारत नसे. तोंडावर 'फौजी साब' आणि पाठ वळली की 'ना साब'. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं. त्याचं आपल्याला काही वाटत नाही असं ते बायकोला सांगत, आणि बायकोला ते पटत नसे.

कारखाना पाळण्यांचा. उंच इमारतींना बाहेरून रंग देणारी माणसं ज्या लोखंडी पाळण्यात उभी राहून लोंबकळतात, ते पाळणे. दोन्ही टोकांना एकेक पोलादी दोर, आणि प्रत्येक दोराला मिठी मारून बसलेलं नारळाएवढं लॉक. वरची मोटार दगा देऊन गेली आणि पाळणा खाली घसरायला लागला, की या लॉकनं दोर कचकन चावून धरायचा. तोही वीतभराच्या आत. न धरला तर पाळण्यातल्या माणसाला दुसरा उपाय नाही.

ती लॉकं तपासायचं काम उत्तमरावांचं. शेडच्या मागच्या अंगाला त्यांची बारा फुटी चौकट उभी होती. लॉक दोराला लावायचं, खाली वजन टांगायचं, कळ ओढून वजन सोडून द्यायचं आणि लॉक किती घसरून थांबलं ते पट्टीनं मोजायचं. एकेका लॉकला पाव तास. धरलं तर हिरवी मोहर, नाही धरलं तर तांबड्या खडूची फुली आणि परत जोडणीकडं. दहातली दोन-तीन परत जात. उशीर होई, ट्रकवाला दारात भोंगा वाजवी, तरी उत्तमरावांचा पाव तास चौदा मिनिटांचा होत नसे.

माणूस मूळचा साताऱ्याकडचा, कोरेगाव तालुक्यातला. चोवीस वर्षं सैन्याच्या वर्कशॉपात गाड्या दुरुस्त केल्या. शेवटची नेमणूक जयपूरला आली. निवृत्त झाले तेव्हा पोरीचं कॉलेज अर्ध्यावर होतं, म्हणून दोन वर्षं थांबू म्हणाले. पोरगी शिकली, लग्न होऊन नाशिकला गेली, आणि हे दोघं नवरा-बायको मुरलीपुऱ्यातल्या दोन खोल्यांत राहून गेले. फौजेत त्यांनी एकच धडा पक्का गिरवला होता. ज्यावर सही करायची, त्याला आधी आपला हात लागला पाहिजे.

त्यांच्याशी ज्याचं सर्वांत जास्त वाकडं होतं तो माणूस म्हणजे जोडणीचे मिस्त्री भंवरलाल. चाकसूकडच्या खेड्यातला, पन्नाशीचा, कानात सोन्याच्या मुरक्या, डोक्यावर वर्षाचे बारा महिने पगडी. लॉकं तो जोडणार आणि हे परत पाठवणार. दोन वर्षं दोघं एकमेकांशी तोंडानं बोलले नव्हते. चिठ्ठ्या चालत. इकडून जायची, 'लॉक २१२. घसरण जास्त. परत.' तिकडून त्याच कागदाच्या पाठीवर यायचं, 'लॉक ठीक है. चश्मा बदलो.' ती चिठ्ठी उत्तमराव घडी करून जपून ठेवत. कधी लागलीच तर पुरावा म्हणून.

म्हातारे मालक आजारी पडले आणि कारभार त्यांच्या मुलाकडं, मोहितकडं आला. त्याला ही चिठ्ठ्यांची लढाई सोसेना. त्यानं कुठंतरी बघितलं की मोठ्या कंपन्यांत माणसांचं आपसांत जुळावं म्हणून नाटकातले खेळ घेतात. इम्प्रॉव्ह. संहिता नाही, पाठांतर नाही, समोरच्यानं काही म्हणायचं आणि आपण तिथल्या तिथं ते पुढं न्यायचं. मोहितनं दहा शनिवार ठरवून टाकले आणि एका मुलाला बोलावलं. त्याचं नाव निनाद. तिलक नगरात राहणारा, बँकेत बदलून आलेल्या मराठी बापाचा इथंच वाढलेला मुलगा. शहरातल्या कॅफेंमधून असले विनोदी खेळ करायचा.

पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता यंत्रं बंद झाली आणि चौदा माणसं गोलात उभी राहिली. निनाद सगळ्यांत आधी उत्तमरावांपाशी आला.

"नमस्कार काका! मतलब... मोहितजी बोलले, तुम्ही पण मराठी आहात."

"मी हाय," उत्तमराव म्हणाले. "तू हायस का?"

पोरगं हसलं. रागावलं नाही, हे उत्तमरावांच्या नजरेतून सुटलं नाही.

मग त्यानं नियम सांगितला. समोरचा जे देईल ते घ्यायचं. त्याला नाही म्हणायचं नाही. आधी 'हो' म्हणायचं, मग 'आणि' म्हणून त्यात आपली भर घालायची. हो, आणि. बस, एवढंच.

"आन् समोरच्यानं चुकीचं दिलं तर?" उत्तमरावांनी विचारलं.

"खेळात चुकीचं काही नसतंच ना, काका!"

उत्तमरावांनी हाताची घडी घातली. आणि कुणाची खोडी म्हणावी ती, पहिलीच जोडी त्यांची आणि भंवरलालची लागली. भंवरलालनं हवेतली एक दोरी हातात धरली, पाठीमागचं काहीतरी ओढत ओढत आणलं आणि रडवेला चेहरा केला. "डॉक्टर साब, मेरे ऊँट की दाढ़ दुख रही है."

उत्तमरावांनी त्याच्या रिकाम्या मुठीकडं बघितलं. मग त्याच्या पाठीमागं. मग म्हणाले, "किधर है ऊँट?"

शेडचे पत्रे हलतील असं हसू झालं. भंवरलालनं सगळ्यांकडं वळून हात पसरले. "देख लो! ऊँट भी रिजेक्ट!"

घरी येऊन त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. बायकोनं, पार्वतीबाईंनी, दोनदा विचारलं, तेव्हा सांगितलं.

"मंग म्हनायचं की, हाय उंट," त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "तुमचं काय जात हुतं?"

"नसलेल्या उंटाला हाय म्हनू?"

"आवं, दोन वर्सं झाली, त्या कारखान्यात तुमच्या शेजारी बसून कुणी जेवत न्हाई. हाय त्या मानसांला बी तुमी किधर हाय म्हनूनच बगताय."

ते लागलं. दुसऱ्या शनिवारी उत्तमराव गोलात उभे राहिले आणि निदान हात तरी सुटे ठेवले. तिसऱ्या शनिवारी भंवरलाल पुन्हा तोच उंट घेऊन आला, पुन्हा तीच दाढ. बाकीची माणसं तोंडावर हात घेऊन वाट बघत होती. उत्तमराव पुढं झाले, टाचा उंचावल्या, उंटाचा नसलेला जबडा दोन्ही हातांनी फाकवला आणि आत डोकावले.

"हाँ, और दाढ़ में तो आपकी पगड़ी अटकी है, भंवरजी! कल रात किसने खिलाई?"

भंवरलालनं दचकून स्वतःच्या डोक्याला हात लावला. "तभी तो! घरवाली रात भर ढूँढ रही थी!"

त्या हशाची उत्तमरावांना कल्पनाच नव्हती. चोवीस वर्षं फौज, अकरा वर्षं हा कारखाना. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेल्या शब्दाला कुणी असं हसलं नव्हतं. घरी जाताना त्यांनी सायकल चालवत तो जबडा पुन्हा एकदा फाकवून बघितला आणि समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याची शिवी खाल्ली.

आणि नुसतं हसण्यावर थांबलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण सोमवारी भंवरलाल स्वतः चौकटीपाशी आला. "डॉक्टर साब, जरा दिखाओ तो सही. मापते कैसे हो?" दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं आपलं लॉक दोरावरून घसरताना डोळ्यांनी बघितलं. वजन सुटलं, लॉक वीत ओलांडून चार बोटं खाली जाऊन थांबलं, आणि भंवरलालचं तोंड उतरलं. दोघांनी मिळून ते लॉक उघडलं. आतली स्प्रिंग मऊ निघाली. सगळ्याच नव्हे, पण पाकिटात काही मऊ येत होत्या. तेव्हापासून भंवरलाल प्रत्येक स्प्रिंग आधी गेजनं, म्हणजे तिची ताकद काट्यावर दाखवणाऱ्या मापानं, मोजून मगच बसवू लागला. परत जाणारी लॉकं दहात तीनवरून विसात एकावर आली. चिठ्ठ्या बंद पडल्या. दुपारी भंवरलालच्या डब्यातली कैर-सांगरीची भाजी आणि पार्वतीबाईंचा ठेचा एका वर्तमानपत्रावर यायला लागला. 'ना साब' जाऊन 'डॉक्टर साब' झालं. मोहित तर येणाऱ्या-जाणाऱ्याला ही जोडी दाखवायचा.

पार्वतीबाईंनी एकदा विचारलं, "आज काय म्हनाला तुमचा उंटवाला?" 'तुमचा' हा शब्द उत्तमरावांना फार आवडला.

होळी झाली आणि शीतला अष्टमी आली. त्या दिवशी घरोघर शिळं जेवण असतं आणि चाकसूला मातेची मोठी जत्रा भरते. भंवरलालचं सगळं गोत जत्रेला जमणार होतं, आणि आदल्या दिवशी, शुक्रवारी, त्याला दुपारीच निघायचं होतं. त्याच शुक्रवारी टोंक रोडच्या एका चौदा मजली इमारतीसाठी पाळणे रवाना व्हायचे होते. चाळीस लॉकं. दुपारी दोनपर्यंत बत्तीस तपासून झाली. आठ उरली. आठ पाव तास म्हणजे दोन तास. ट्रक दारात, ड्रायव्हर भोंग्यावर हात ठेवून बसलेला. भंवरलालनं सांगून ठेवलं होतं, माल गाडीत चढल्याशिवाय मी हलणार नाही. आणि त्याच्यासाठी गावाकडची जीप फाटकाबाहेर येऊन थांबली होती.

तेवढ्यात भंवरलाल आला. गुलाबी नवी पगडी, हातात ती आठ लॉकं रचलेली ढकलगाडी. जोडणीची सगळी माणसं त्याच्या पाठीमागं. चौकटीसमोर येऊन त्यानं गाडी थांबवली आणि हात जोडून तोच रडवेला चेहरा केला.

"डॉक्टर साब, आठ ऊँट लाया हूँ. आठों की दाढ़ दुख रही है. मेला छूट रहा है, मालिक!"

माणसं आधीच हसायला लागली होती. सगळ्यांचे डोळे उत्तमरावांवर. उत्तमरावांच्या अंगात ती शनिवारची ऊब चढली. त्यांनी पहिल्या लॉकवर असा हात फिरवला, जशी काही खरंच उंटाची मान.

"हाँ, और इन आठों के दाँत तो मैंने सुबह ही देख लिए, भंवरजी! एकदम मोती!"

आणि खिशातून मोहर काढली. टप, टप, टप. प्रत्येक टपला माणसं टाळी देत होती. आठव्या मोहरेला तर कुणीतरी शिट्टी मारली. भंवरलालनं त्यांना मिठी मारली, लॉकं ट्रकमध्ये गेली, जीप चाकसूच्या वाटेला लागली, आणि पाच मिनिटांत शेड रिकामी झाली.

उत्तमराव चौकटीपाशी उभे होते. दोराला वजन टांगलेलंच होतं, तेहतिसाव्या लॉकसाठी तयार.

अष्टमीच्या दिवशी शेजारच्या बाईंनी प्रसादाचं ताट आणून दिलं. थंड राबडी, पुऱ्या, दहीभात. उत्तमरावांनी पुरीचा एक तुकडा मोडला आणि हातातच धरून बसले.

"काय झालंया?" पार्वतीबाई म्हणाल्या.

"काय न्हाई."

"सकाळपासनं तिसऱ्यांदा फोन उचलून ठिवलाय तुमी."

त्यांनी मनाशी हिशेब मांडला होता. महिनाभरात भंवरजीची लॉकं विसात एक परत गेली. आठात एखादं असेल नसेल. भंवरजी स्प्रिंगा मोजूनच बसवतो. आज सुट्टी, इमारतीवर कुणी चढणार नाही. हे सगळं खरं होतं. आणि ज्या हातानं त्यांनी पस्तीस वर्षं न बघता सही केली नव्हती, त्या हातानं आठ मोहरा मारल्या होत्या, हेही खरं होतं. फोन लावायला हवा होता. पण फोन लावला की पुन्हा 'ना साब'. पुन्हा एकट्यानं डबा उघडायचा. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा झाला तरी त्याला याची भीती वाटते, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि त्याची त्यांना लाज वाटली.

अखेरीस त्यांनी बायकोला सांगितलं. पार्वतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मीच म्हनलं हुतं तुमाला, उंट हाय म्हना म्हनून," त्या हळूच म्हणाल्या. मग एकदम, "पर पारवती म्हनली म्हनून मोहर मारायची व्हय?"

रविवारी सकाळी ते तिलक नगरला गेले. निनाद बनियनवर दार उघडायला आला, काकांना बघून गडबडला. उत्तमराव बसलेही नाहीत.

"मला एक सांग. ह्यो खेळ संपला, हे कळतं कसं?"

"मतलब... मी टाळी वाजवतो ना काका, शेवटी. टाळी वाजली की सीन संपला."

"त्या दिवशी तू न्हवतास. टाळ्या समद्यांनी वाजवल्या. आठ येळा."

निनादला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तो तिथंच खुर्चीवर बसला. "काका, हे मी शिकवलंच नाही," तो म्हणाला. "हो म्हणजे समोरच्याची गोष्ट ऐकायची. माल पास नाही करायचा... मला वाटलं, हे तर सगळ्यांना कळतंच."

"मला कळत हुतं," उत्तमराव म्हणाले. "म्हनून तर आलो."

तिथूनच त्यांनी मोहितला फोन लावला. मोहितनं ऐकून घेतलं आणि हसला. "अंकल, आप भी! शुक्रवार से लगे हुए हैं, कुछ नहीं हुआ. अब यूँ बोलिए, हाँ, निकल गए, और बढ़िया चल रहे हैं. बाकी सोमवार को देखते हैं."

म्हणजे पाळणे चढले होते. अष्टमीलासुद्धा काम चाललं होतं.

मग उत्तमरावांनी भंवरलालला फोन केला. मागं अजून न उठलेल्या जत्रेचा गोंगाट होता. "भंवरजी, वो आठ मैंने देखे नहीं थे. मैं साइट पर जा रहा हूँ." पलीकडून नुसता गोंगाट ऐकू येत राहिला आणि फोन बंद झाला.

निनादनं स्कूटर काढली. इमारतीपाशी पोहोचून उत्तमरावांनी मान वर केली. ती आठ लॉकं लागलेल्या चार पाळण्यांपैकी दोन खाली होते आणि दोन वर, नवव्या-दहाव्या मजल्याला. त्यांत मिळून पाच माणसं. डब्यात ब्रश बुडवत होती, गप्पा मारत होती. एक तर कठड्यावर कोपर टेकून विडी ओढत होता.

देखरेखीचा माणूस त्यांना उतरवायला तयार होईना. "मोहर लगी है साहब, आपकी कंपनी की."

"मोहर मेरी है," उत्तमराव म्हणाले. "झूठी है. उतारो."

झूठी हा शब्द ऐकून त्या माणसानं वरती हाक दिली. पाळणे मोटारीनं खाली यायला लागले. नवव्या मजल्यावरून जमिनीपर्यंत चार-पाच मिनिटं लागली. उत्तमरावांना त्या दोरांखेरीज काही दिसत नव्हतं. निनाद शेजारी काहीतरी बोलत होता, ते त्यांच्या कानापर्यंत पोहोचलं नाही. रंगारी खाली उतरले ते शिव्या देतच. सकाळ फुकट गेली होती त्यांची. "बुड्ढे, शुक्रवार को सो रहा था क्या?" एकानं विचारलं. उत्तमराव वाळूच्या पोत्यांकडं वळले.

पाळण्यात वाळूची पोती भरली, पाळणा जमिनीपासून कमरेएवढा उचलला, खाली जुनी टायरं टाकली. मोटारीचा ब्रेक हातानं सोडायचा, पाळणा खाली येणार, लॉकनं धरायचं. एका वेळी एका टोकाचं लॉक. पहिलं बघून होतंय तोवर फाटकातून मोटारसायकल आत आली. भंवरलाल. जत्रेतली गुलाबी पगडी धुळीनं माखलेली. त्यानं कुणाला रामराम केला नाही. गाडी लावली, येऊन पोत्यांना हात घातला आणि दुसऱ्या टोकाला उभा राहिला.

दोघं कामाला लागले. दुसरं धरलं. तिसरं, चौथं. कचकन आवाज व्हायचा, पाळणा हिसका खाऊन थांबायचा, उत्तमराव पट्टी लावायचे. पाचवं. सहावं वीतभराला अगदी खेटून, पण धरलं. सातव्याच्या वेळी भंवरलालनं डोळे मिटून घेतले होते. धरलं. आठवं सगळ्यांत चांगलं. चार बोटंसुद्धा घसरलं नाही.

रंगाऱ्यांनी 'हो गया तमाशा' म्हणत डबे उचलले. उत्तमरावांना हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, पण त्याच्या आत आणखी काहीतरी होतं, आणि त्यांनी ते ओळखलं. एखादं तरी घसरायला हवं होतं. म्हणजे जगाला दाखवता आलं असतं की हा म्हातारा उगीच धावत आला नाही. पाच जिवंत माणसं समोर उभी असताना आपल्या मनात हे येतं, या विचारानं ते टायरावर खाली बसले.

भंवरलाल येऊन शेजारी बसला. पगडीची धूळ झटकली.

"स्प्रिंग मैंने नहीं मापी थीं," तो म्हणाला. "उन आठों की. नया पाकीट खोला था. टैम नहीं था." त्याच्या बोलण्यात रडं नव्हतं, राग होता. "माता के आगे हाथ जोड़े तो हाथ नहीं जुड़े."

"मंग ती मस्करी हुती का न्हवती?" उत्तमरावांनी मराठीतच विचारलं. भंवरलालला ते कळलं.

"आधा मज़ाक था, आधी जल्दी." तो म्हणाला. "मुझे पता था आप हँसोगे. हँसते हुए आप मना नहीं करते. इतना मुझे पता था."

उत्तमरावांनी मान हलवली. त्यांना ते शुक्रवारीच ठाऊक होतं. मोहर काढतानाही ठाऊक होतं. त्यांना ती टाळी हवी होती, म्हणून त्यांनी ती गोष्ट बाजूला सारली होती.

"उसी पाकीट की और कितनी हैं?"

"दो सौ के आसपास. अलमारी में."

"उद्या रजिस्टरात लिवनार मी."

भंवरलालनं त्यांच्याकडं बघितलं. "सब तो पकड़ गए, डॉक्टर साब. अब क्या लिखना?"

"मोहर न बगता मारली, हे लिवनार. आन् स्प्रिंगा मोजल्या न्हवत्या, हे बी."

"मेरा नाम?"

"दोनों का."

"मैं जात्रा छोड़कर आया," भंवरलाल म्हणाला. "आपके पास आया. आपको बताया. कोई और होता तो बताता?"

"न्हाई सांगितलं असतं," उत्तमराव म्हणाले. "म्हनूनच सांगतोय तुमाला आधी. पाठीमागं लिवनार न्हाई."

भंवरलाल उठला. त्यानं पगडी काढली, पुन्हा डोक्यावर बसवली, मोटारसायकलला लाथ मारली आणि निघून गेला. निनाद मघापासून दूर उभा होता. तो जवळ आला. "काका, पुढच्या शनिवारी येऊ का मी?"

"ते मालकाला इचार," उत्तमराव म्हणाले. मग पोराचं तोंड बघून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुजं काई चुकलं न्हाई, बाळा. चल, सोड मला घरी."

सोमवारी त्यांनी लिहिलं. मोहितनं वाचलं आणि रजिस्टर जोरात मिटलं. "सब ठीक निकला था, अंकल! यह कागज कोई बाहरवाला देखेगा तो आगे ऑर्डर कौन देगा?" उत्तमराव उभेच राहिले. मोहितनं दोघांनाही लेखी समज दिली, खेळ बंद केले आणि त्या पाकिटातल्या एकूण एक स्प्रिंगा मोजून झाल्याशिवाय जोडणी बंद, असं सांगून तो निघून गेला. एवढं तरी त्यानं केलं.

अकराच्या सुमाराला भंवरलाल चौकटीकडं आला. स्प्रिंगांचं पाकीट आणि गेज त्यानं बाकावर आपटलं आणि समोर बसला. उत्तमरावांनी दुसरं गेज काढलं. मोजायला सुरुवात झाली. चांगल्या डावीकडं, मऊ उजवीकडं. जोडणीची माणसं लांबूनच बघत होती, कुणी जवळ आलं नाही. जेवणाची घंटा झाली तेव्हा भंवरलाल उठून आपला डबा घेऊन फाटकापाशी गेला, आणि उत्तमरावांनी आपला डबा बाकावरच उघडला. अर्ध्या तासानं तो परत येऊन बसला. कैर-सांगरी कुठंच नव्हती.

तीन वाजेपर्यंत उजवीकडं एकोणीस स्प्रिंगा जमल्या. त्यानंतर भंवरलालच्या हातात एक आली, ती त्यानं कुठल्याच ढिगात टाकली नाही. दोनदा मोजली, दोघांच्या मधोमध ठेवली. उत्तमरावांनी ती उचलून आपल्या गेजला लावली. काटा नेमका रेषेवर, ना चांगली ना मऊ.

"आप बोलो," भंवरलाल त्यांच्याकडं न बघता म्हणाला. सकाळपासून पहिला शब्द.

"आधी तुम बोलो. जोड़ना तुमको है."

भंवरलालनं ती स्प्रिंग बोटांत दाबून बघितली, सोडली, पुन्हा दाबली.

"फेंको," तो म्हणाला, आणि पुढची उचलली.